अण्णांनी ऐकलेलं पान

अण्णा आठल्यांना कुणी "बिचारे" म्हटलं की ते शांतपणे "पुढं बोला" म्हणत. ऑफिसात नवीन आलेला माणूस हमखास हा घोटाळा करी. आधी बिचारे म्हणे, मग ह्या आंधळ्या टेलिफोन ऑपरेटरला सगळ्या खोल्यांचे नंबर आणि सगळ्या बाबूंचे आवाज तोंडपाठ आहेत असं कळलं की लगेच दिव्यदृष्टीवर जाई. अण्णा त्यावरही "पुढं बोला"च म्हणत. दिव्यदृष्टीचं म्हणाल तर दुर्गाघाटाच्या गल्लीत वर्षातून एकदोनदा त्यांना सांड धडकायचाच. गुडघा सुजवून ऑफिसात येत आणि मी विचारलं तर सांगत, "तो उभा होता, मी चालत होतो. गलती माझीच."

मी मूळची नागपूरची. लग्न होऊन बनारसला आले तेव्हा दुर्गाघाटावरच्या आमच्या बिऱ्हाडापासून दोन गल्ल्या पलीकडे अण्णा राहत, भावाच्या कुटुंबात. माझ्या सासऱ्यांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून मी त्यांची सूनबाई. पुढं नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला शहराच्या कारभाराच्या एका ऑफिसात संगणकावर कंत्राटी काम मिळालं, आणि अण्णा तिथंच टेलिफोनवर निघाले. त्या ऑफिसाचं नाव इथं घेत नाही. नळ, गटारं, जन्ममृत्यूचे दाखले, रस्त्याकडेच्या गुमट्या म्हणजे पत्र्याच्या टपऱ्या, असली कामं तिथं चालत. चालत म्हणजे बहुतेक वेळा अडलेली असत.

अण्णांचा बोर्ड जिन्याखालच्या खोलीत होता. खोलीला खिडकी नव्हती. आंधळ्याला खिडकी कशाला, असा हिशेब कुणीतरी केला असणार. त्या माणसाला मे महिन्यात एक दिवस तिथं बसवायला हवं होतं, म्हणजे खिडकी नुसती बघायला नसते हे त्याला कळलं असतं. अण्णा मात्र बाराही महिने स्वच्छ धुतलेला सदरा घालून, खुर्चीच्या पाठीला पाठ न टेकता बसत. बोर्डावरच्या भोकांत दोऱ्यांच्या पिना अडकवून फोन जोडून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. पण ते जोडण्याआधी "काम क्या है?" असं विचारत, आणि निम्म्या लोकांना जोडून द्यावंच लागत नसे. कुठली खोली, कुठला कागद, किती नकला, कुठल्या बाबूला आधी नमस्कार करायचा आणि कुठल्याला केलेला चालत नाही, हे सगळं अण्णाच सांगत. लोक त्यांना बघायला म्हणून जिन्याखाली येत आणि "अण्णा गुरू आप ही हैं?" असं म्हणून पाया पडत. ते पाय मागे घेत.

ही माहिती ते ब्रेलमध्ये टोचून ठेवत. त्याला जाड कागद लागतो आणि तो ऑफिस देत नसे, म्हणून अण्णा लग्नपत्रिका वापरत. कुणाच्या घरचं लग्न आटोपलं की उरलेल्या पत्रिका जिन्याखाली पोचायच्या. वर गणपती, खाली वधूवरांची नावं, आणि त्यांच्यावरून बोट फिरवलं की गटाराच्या तक्रारीचे नियम. असे सुतळीनं बांधलेले वीसेक गठ्ठे त्यांच्या पायाशी असत. चपराशी शिवपूजन म्हणे, इतक्या लग्नांना तर पुरोहितही गेला नसेल.

पुरोहितावरून आठवलं. आठल्यांचं घर वैदिकांचं. वडील घरी मुलांना संथा देत. म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा म्हणायचं, पोथीकडे बघायचं नाही. अण्णा म्हणत, त्या घरात बारा वर्षांचा होईपर्यंत मला पताच नव्हता की मला काही कमी आहे. भावापेक्षा त्यांचं पाठांतर पक्कं होतं. पण यजमानांच्या घरी न्यायची वेळ आली तेव्हा वडिलांनी भावाला नेलं. अंगात वैगुण्य असलेल्यानं अनुष्ठानाला पुढं बसायचं नाही, असा नेम. अहिल्याबाई घाटावर काही कार्य असलं की अण्णा मागे भिंतीशी बसत आणि पुढं बसलेला कुणी अडखळला तर मागून हळूच पद पुरवत. काही वर्षांनी त्यांनी तिकडे जाणं सोडलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही सगळ्या लाइनी बंद पडल्या होत्या म्हणून. ऐकून मला संताप आला. ते म्हणाले, "पद सांगायला चालत होतो. बसायला चालत नव्हतो."

आणि मग ऑफिसात वेबसाइटचं वारं शिरलं. साहेबांनी कुठल्याशा बैठकीत दुसऱ्या एका शहराची वेबसाइट बघितली होती. आपलीही हवी, तीन आठवड्यांत हवी, असा हुकूम झाला आणि मी ती केली. वर घाटाचा मोठा फोटो, त्याखाली सरकणारी अक्षरं, शब्दांऐवजी नळाचं आणि घराचं चित्र असलेली बटणं. मजकूर इंग्रजी. हिंदी अक्षरं तेव्हा एका मशीनवरची दुसऱ्या मशीनवर उमटत नसत, म्हणून हिंदी सूचना मी स्कॅन करून चित्र म्हणून चिकटवत असे. ते सगळं वर चढवायला बाहेरची लाइन लागे, ती अण्णांच्या बोर्डावरून. मी फोन उचलून "अण्णा, लाइन" म्हणायचं, त्यांनी पिन अडकवायची, आणि माझा मोडेम केकाटायला लागायचा.

एक दिवस लाइन देता देता त्यांनी विचारलं, रोज काय पाठवतेस ते मला ऐकव तरी. मी प्रिंट घेऊन जिन्याखाली गेले. वर घाटाचा फोटो आहे, मी म्हटलं. डावीकडे बटणं आहेत. बटणांवर काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. लिहिलेलं नाही, चित्रं आहेत. मग जे लिहिलंय तेवढंच म्हण, ते म्हणाले. तेवढंच म्हणायला गेले तर इंग्रजीत उरलं ते एवढंच, "स्वागत आहे. येथे दाबा. येथे दाबा. येथे दाबा." अण्णांनी ते मान किंचित हलवत, चढउतारासह, दोनदा म्हणून दाखवलं. मला हसू आलं, आणि मग फार लाज वाटली.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आमची संथा सुरू झाली. मी वाक्य एकदा वाचायचं, त्यांनी दोनदा म्हणायचं. ते अडखळले तर चूक माझ्या वाक्यात आहे, असं धरायचं. "कानाला कळलं पाहिजे, सूनबाई," एवढं एकच त्यांचं म्हणणं. मृत्यूच्या दाखल्याची चार वाक्यं मी अकरा वेळा लिहिली. वर उन्हाळा, दिवसातून चारदा जाणारी वीज, आणि ह्या गृहस्थांना घाई म्हणून नाही. माझा जीव मेटाकुटीला येई. एकदा मी चिडून म्हटलं की अण्णा, हे कुणीसुद्धा वाचत नाही. ते म्हणाले, वाचत नाहीत ते वेगळं, वाचता येत नाही ते वेगळं. आणि पुढचं वाक्य मागितलं.

विद्यापीठात अंध विद्यार्थ्यांसाठी एक खोली होती आणि तिथं बोलणारा एक संगणक होता. पडद्यावरचं इंग्रजी तो अमेरिकन नाकातून वाचून दाखवी. एका शनिवारी आम्ही रिक्षानं तिथं गेलो. आमचं पान उघडल्यावर तो बराच वेळ नुसता "चित्र, चित्र, दुवा, चित्र" असं इंग्रजीत म्हणत राहिला. मग मजकुरावर आला. मी मजकूर दोन रकान्यांत लावला होता, डोळ्यांना छान दिसायचा. मशीन मात्र डावीकडून उजवीकडे सरळ रेघेत वाचत सुटलं. डावीकडच्या मृत्यूच्या नोंदीत उजवीकडचे पाण्याचे टँकर मिसळले. अण्णा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे माणूस मेला की सकाळी सात वाजता टँकर येतो."

सोमवारी मी साहेबांकडे गेले आणि सगळी मांडणीच बदलायला हवी असं सांगितलं. साहेब वाईट नव्हते, दमलेले होते. शहरातले किती आंधळे वेबसाइट बघणार आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डोळस तरी किती बघतात. ते हसले आणि त्यांनी तोड काढली. घाटाचं पान आहे तसंच राहू दे, विकलांगांसाठी साध्या मजकुराचं वेगळं पान कर, आणि खाली कोपऱ्यात त्याचा दुवा दे.

अण्णांना हे अजिबात पसंत पडलं नाही. "वेगळी पंगत नको, सूनबाई. मी बसलोय वेगळ्या पंगतीत. वाढपी तिथंही येतो, पण तिकडचं सगळं आटपून." मी त्यांची समजूत घातली की सुरुवात तर होऊ दे. खरं कारण सांगते. वेगळं पान करणं सोपं होतं आणि मी थकले होते. अण्णाही बहुधा थकले होते, कारण त्यांनी फार ताणलं नाही.

पण पान झालं आणि ते खूश झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दर शनिवारी ते विद्यापीठातल्या त्या खोलीत जाऊन सगळं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. आजवर ऑफिसात लिहिलेलं काहीही त्यांना विचारून घ्यावं लागे. फाटकावरच्या बोर्डावर नवीन काय लागलंय ते शिवपूजन सांगे, तेही त्याला फुरसत असली आणि तोंडात पान नसलं तर. आता सोमवारी कुणी फोनवर शंका काढली की अण्णा ठसक्यात सांगत, "हमने खुद पढ़ा है." त्या वाक्याचं मला कौतुक वाटे. खोटं कशाला बोलू, स्वतःचंही वाटे.

त्या वर्षी विकलांगांना गुमट्या वाटायचं निघालं. अर्जाची शेवटची तारीख पंचवीस होती. मी ती दोन्ही पानांवर लावली, अण्णांनी शनिवारी ऐकली आणि येणाऱ्या प्रत्येक फोनवर सांगितली. त्यांत एक रामधनी होता. आंधळा, खुर्च्यांना वेत विणून पोट भरायचा. त्याला टेलिफोनची गुमटी हवी होती. दोन वर्षं तो अण्णांना फोन करत होता, आणि कुठला दाखला कुठून आणायचा हे अण्णा त्याला सांगत होते. कागद पुरे झाले तेव्हा त्यानं विचारलं, रामनगरला एका शाळेच्या खुर्च्यांचं आठदहा दिवसांचं काम आलंय, ते करून आलो तर चालेल का. अण्णांनी सांगितलं, खुशाल जा, पंचवीस तारीख आहे.

इकडे निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत वाटप उरकायचं ठरलं आणि तारीख अठरावर आली. नवी सूचना दुपारी माझ्या टेबलावर आली. मी ती स्कॅन करून घाटाच्या पानावर जुन्या चित्राच्या जागी चिकटवली, वर चढवली, आणि वीज गेली. वेगळं पान बदलायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला ताप भरला, मी तीन दिवस रजेवर गेले, आणि परत आले तेव्हा ते माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. फाटकावरच्या बोर्डावर नवी तारीख लागली होती. शंभर माणसं ती वाचून अण्णांच्या खोलीवरून गेली असतील. त्यांना सगळं माहीतच असतं, ह्या समजुतीत कुणी आत डोकावून सांगितलं नाही. आणि आता विचारायची गरज नव्हती म्हणून अण्णांनीही कुणाला विचारलं नाही.

चोवीस तारखेला रामधनी बायकोबरोबर रामनगरहून परतला आणि थेट अर्जाच्या खिडकीवर गेला. तिथून तो जिन्याखाली आला. खिडकीवाले म्हणतात अठरालाच बंद झालं, असं त्यानं सांगितलं. अण्णा म्हणाले, पंचवीस आहे, हमने खुद पढ़ा है. रामधनीची बायको हळू आवाजात म्हणाली, "आप ही के भरोसे तो गए थे, गुरुजी."

अण्णांनी मला फोन करून खाली बोलावलं. त्या दोघांदेखत मराठीत विचारलं, "आपल्या पानावर काय आहे?"

"पंचवीस."

"आणि मोठ्या पानावर?"

"अठरा," मी म्हटलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उलट उजळला. मग दिक्कत काय, ते म्हणाले. पंचवीस तारीख ऑफिसनंच लिहिली आहे, ऑफिसला ती पाळावी लागेल. पान छापून दे, खाली तुझी सही कर, मी साहेबांकडे नेतो. रामधनीला त्यांनी तिथंच स्टुलावर बसवून घेतलं.

मी वर गेले, पण छापण्याआधी साहेबांच्या खोलीत गेले. तसा रिवाज होता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की हा कागद वर गेला तर वेबसाइट बंद होईल, तुझं कंत्राट जाईल आणि मलाही उत्तर द्यावं लागेल. पान आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर. त्या दिवसांत माझ्या नवऱ्याला काम नव्हतं, घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते.

मी टेबलावर येऊन फोन उचलला.

"अण्णा, बाहेरची लाइन हवी."

"आत्ता?"

"हो."

पलीकडे रामधनी खोकल्याचं मला ऐकू आलं. मग खट् असा आवाज झाला आणि लाइन मिळाली. पंचवीसचे अठरा करायला एक मिनिटही लागलं नाही. त्या दिवशी मी मागच्या फाटकानं घरी गेले, आणि गल्लीत अण्णांची काठी वाजली तेव्हा दार लोटून घेतलं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर अण्णांचा अर्ज होता. त्यांनी स्वतः टाइप केलेला, दोन ठिकाणी ओळीवर ओळ चढलेली. त्यात लिहिलं होतं की वेबसाइटवर तारीख बरोबर होती. ऑपरेटरनं स्वतःच्या चुकीनं पंचवीस सांगितली. त्या चुकीची सजा अर्जदारांना होऊ नये, त्यांचे अर्ज घ्यावेत. साहेबांचा जीव भांड्यात पडला. वेबसाइटची चूक फाइलमध्ये बसत नव्हती. आंधळ्या ऑपरेटरची चूक अगदी नीट बसली. रामधनीचा आणि आणखी चौघांचा अर्ज त्याच दिवशी घेतला गेला. पुढं त्याला गुमटी मिळाली, एका दवाखान्यासमोर.

अण्णांच्या नोकरीच्या कागदांत ठपका आला आणि आठवड्याभरात एक सूचना निघाली. ऑपरेटरनं यापुढं जनतेला कोणतीही माहिती देऊ नये, केवळ फोन जोडून द्यावा. ती फाटकावरच्या बोर्डावर लागली. निदान ही तरी त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी खाली गेले आणि वाचून दाखवली. त्यांनी सवयीनं ती दोनदा म्हटली, कुठंही न अडखळता. म्हणाले, चांगली लिहिलीय, कळते. त्यानंतरच्या शनिवारपासून ते विद्यापीठात गेले नाहीत. लग्नपत्रिकांचे गठ्ठे शिवपूजननं उचलून माळ्यावर टाकले.

वर्षभरात माझ्या नवऱ्याला नागपुरात काम मिळालं आणि आम्ही निघालो. शेवटच्या दिवशी मी पेढे घेऊन जिन्याखाली गेले. एवढे महिने रोज लाइन मागत होते, बाकी काही बोलण्याचं धैर्य झालं नव्हतं. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी मी जे केलं ना..."

"लाइन मीच दिली होती, सूनबाई," ते म्हणाले. पेढा तोंडात टाकला आणि मुलीची तब्येत विचारली.

तेवढ्यात बोर्डावर फोन आला. खोली लहान, रिसीव्हरमधला आवाज मलाही ऐकू येत होता. कुणी म्हातारी बाई होती. नवरा गेलाय, विधवेच्या पेन्शनचा अर्ज कुठं द्यायचा, असं विचारत होती. ते काम आमच्या ऑफिसात होतच नसे. कुठल्या इमारतीत होतं, कुठल्या दारानं आत जायचं, सोबत काय न्यायचं, हे त्या अख्ख्या ऑफिसात अण्णांइतकं कुणालाही माहीत नव्हतं. त्यांचे ओठ उघडले. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"जोड़ रहे हैं, माताजी," ते म्हणाले आणि त्यांनी पिन अडकवली. वरच्या मजल्यावर कुठंतरी घंटी वाजायला लागली. मी पाया पडून जिन्याखालून निघून फाटकापाशी आले तरी ती वाजतच होती, आणि कुणी उचलत नव्हतं.